चौथा डबा

मित्रांनो, मला पाहून हल्लीची मुलं पहिला प्रश्न विचारतात, ही शेवयांची मशीन आहे का? मी रागावत नाही. उजव्या बाजूला दांडा, खाली जड लोखंडी बूड आणि अंगावरचा रंग उडालेला, तेव्हा शेवयांच्या मशीनशी माझं दिसणं जुळतं खरं. पण माझ्यातून शेवया कधी निघाल्या नाहीत. मी आकडेमोड करणारी जुनी मशीन आहे. आकडे लावायचे, दांडा फिरवायचा, की पोटातली दातेरी चाकं एकमेकांना ढकलतात आणि समोरच्या बारीक खिडक्यांमध्ये उत्तर उभं राहतं. वीज लागत नाही. लागतो तो फिरवणाऱ्याचा हात आणि अधूनमधून थेंबभर तेल.

माझी गोष्ट सांगावी की नाही, याचा मी बराच काळ विचार केला. ती मिरवण्यासारखी नाही. तिच्यात एक चूक आहे. ती माझी नव्हती हे ठरलं तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. का झाला नाही, तेच सांगते.

माझा जन्म दूरच्या एका थंड देशात झाला. तिथल्या कारागिराने माझं एकेक चाक कानाशी धरून फिरवून पाहिलं होतं. मग लाकडी खोक्यात भुशावर बसून मी बोटीने आणि पुढे रेल्वेने परतूर स्टेशनात उतरले. खोकं उचलणाऱ्या हमालाने विचारलं, यात शिसं भरलंय का? स्टेशनपासून काही कोसांवर मोसंबीच्या झाडांवर प्रयोग करणारं एक लहानसं केंद्र होतं. तिथल्या टेबलावर मला मांडलं, हार घातला, आणि मोठ्या साहेबांनी दांडा फिरवून पाच गुणिले पाच केले. पंचवीस आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या सोप्या हिशेबाला टाळ्या मला त्यानंतर कधी मिळाल्या नाहीत.

बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार मला आवडतात. बाराने गुणायचं असेल तर दांडा दोनदा फिरवा, खिडक्यांची सरकती पट्टी, म्हणजे गाडी, एक घर सरकवा, पुन्हा एकदा फिरवा, झालं. भागाकाराचं मात्र तसं नाही. त्यासाठी दांडा उलटा फिरवत राहावं लागतं. आतला आकडा संपून पलीकडे गेला की माझी घंटा वाजते. मग एक फेरा परत यायचं, गाडी सरकवायची, पुन्हा उलटं. लांबलचक भागाकार केला की फिरवणाऱ्याचा खांदा भरून येतो आणि माझी चाकं तापतात. म्हणून माझ्यावर काम करणाऱ्यांची एक रीत असते. भागाकार टाळायचा. प्रश्न असा मांडायचा की गुणाकाराने काम होईल. अगदीच गरज पडली तर शेवटी एकदाच भागायचं.

ही रीत मार्तंड सरांइतकी कोणी पाळली नाही. ते केंद्रात सांख्यिकीचं काम बघायला आले तेव्हा तिशीत होते. बोलणं कमी, वाचणं जास्त. पुस्तकात नाक खुपसून ते जेवणाच्या सुट्टीत झाडाखाली बसत, आणि कोणी हाक मारली तर चोरी पकडल्यासारखे दचकत. प्रत्येक हिशेब दोनदा करत. एकदा पुढून आणि एकदा उलट, खिडक्यांत शून्यं येईपर्यंत. शून्यं आली तरी माझ्याकडे बघून म्हणत, "बरोबर आहे ना गं?" मी लोखंडाची. काय सांगणार?

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली केंद्रात एक प्रयोग झाला. मोसंबीच्या मोठ्या झाडाला उन्हाळ्यात रोज ऐंशी लिटर पाणी द्यावं, असं मोठे साहेब सांगत. तो आकडा त्यांनी दुसऱ्या मुलखातल्या हलक्या जमिनीच्या पुस्तकातून आणला होता. आपल्याकडची जमीन काळी, पाणी धरून ठेवणारी. इथे तो आकडा चालतो का, हे पाहायचं होतं. तीस झाडं निवडली. पाणी मोजायला वीस लिटरचे पत्र्याचे डबे होते. सहा झाडांना दोन डबे, सहांना तीन, सहांना चार, सहांना पाच आणि सहांना सहा.

हे डबे वाहायला हसनाबादकडचा साहेबराव नावाचा वीस वर्षांचा गडी होता. रोजाने काम करायचा. डबा काठोकाठ भरायचा आणि वर आलेलं पाणी तळहाताने सपाट करायचा, तेव्हा कुठे उचलायचा. बाकीचे गडी त्याला हसत. एकाने विचारलं, "का रे, सोनं तोलून राह्यला का?" साहेबराव म्हणाला, "सरांचा आकडा चुकायला न्हाई पाहिजे." मार्तंड सरांनी ते खिडकीतून ऐकलं आणि ते लाजून पुन्हा वहीत शिरले. त्या दिवशी त्यांनी मला जरा जास्तच तेल पाजलं.

आता थोडं लक्ष द्या मित्रांनो, कारण पुढची सगळी गोष्ट यावर उभी आहे. झाडाला पाणी वाढवत नेलं की आधी फळ वाढतं, मग थांबतं आणि मग घटू लागतं. कागदावर त्याची रेघ काढली तर टेकडीसारखी दिसते. ही टेकडी दोन आकड्यांनी सांगता येते. एक तिचा चढ आणि दुसरा तिचा वाक. चढाला वाकाच्या दुपटीने भागलं की टेकडीचा माथा सापडतो, म्हणजे सगळ्यांत चांगलं पाणी किती ते कळतं. त्या तीस झाडांचा चढ आला १.२ आणि वाक आला ०.०१. माथा साठ लिटरवर.

पण तीस झाडं म्हणजे जगातली सगळी झाडं नव्हेत. झाडाझाडांत फरक असतो, म्हणून हे आकडे थोडे डळमळते असतात. खरा माथा ऐंशीवरच असेल आणि आपल्याला योगायोगाने साठ दिसला असेल, असंही होऊ शकतं. ते तपासायला आधी गृहीत धरायचं, की माथा ऐंशीवर आहे. मग दिसलेला फरक हा डळमळीच्या किती पट आहे ते काढायचं. तीस झाडांच्या त्या प्रयोगात मर्यादा होती २.०५. त्याहून मोठा आकडा आला तर ऐंशी सोडायचे. लहान आला तर ऐंशी खोटे ठरवायला पुरावा नाही, असं म्हणायचं.

सरांनी आपल्या रीतीप्रमाणे भागाकार टाळला. माथा ऐंशीवर असेल तर चढ हा वाकाच्या एकशेसाठ पट असला पाहिजे, असं त्यांनी गृहीतक मांडलं. एकशेसाठ पट म्हणजे १.६. प्रत्यक्षात होता १.२. फरक ०.४ आणि त्या फरकाची डळमळ ०.१ च्या जरा वर. माझ्या खिडक्यांत आकडा उभा राहिला ३.८७. ऐंशी साफ पडले.

सर कागद घेऊन आत गेले आणि थोड्या वेळाने उतरलेल्या चेहऱ्याने परत आले. साहेबांनी सांगितलं होतं की हे चढ आणि वाक कोणाला कळणार, शेतकऱ्यांसाठीच्या पत्रकात लिटर लिहायचे आहेत, तेव्हा लिटरमध्ये तपासा. म्हणून सरांनी तेच गृहीतक दुसऱ्या तऱ्हेने मांडलं. चढ भागिले दुप्पट वाक बरोबर ऐंशी. अर्थ तोच, तसूभरही फरक नाही. माझी घंटा कितीदा वाजली ते विचारू नका. साठ आणि ऐंशीमध्ये वीसचा फरक. पुस्तकातल्या सूत्राने त्याची डळमळ आली दहाच्या जरा वर. भागाकार १.९७. मर्यादेच्या आत. ऐंशी उभे राहिले.

एकच प्रश्न, तीच झाडं, आणि उत्तरं दोन. सरांनी गुणाकाराचा हिशेब त्या दुपारी आणखी तीनदा केला. तिन्ही वेळा ३.८७. त्यांच्या बोटांना घाम आला होता, दांडा निसटत होता. साहेब मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मार्तंडराव, एका प्रश्नाला दोन उत्तरं कशी येतील? मशीनचा दात झिजला असेल. नाहीतर तुमचं लक्ष नसेल." ते रागावले नव्हते, हसतच बोलले. सर म्हणाले, "माझंच चुकलं असेल, साहेब." त्यांनी ३.८७ वर आडवी रेघ मारली. वर १.९७ लिहिलं. पत्रक छापून निघालं, आणि केंद्राच्या भिंतीवर तेलरंगात लिहिलं गेलं, रोज ऐंशी लिटर.

माझ्या अंगावर चिठ्ठी चिकटली, नादुरुस्त.

मला वाईट वाटलं का? वाटलं. चुकीचा आकडा दिला तर मशीनने दुसरं काय मिळवायचं? पण मी खरंच चुकले होते का, तेही मला ठाऊक नव्हतं. माझे दात मला दिसत नाहीत. मग विजेवरचा कॅल्क्युलेटर आला, पुढे संगणक आला. मी कपाटावर गेले, कपाटावरून कोठीत. एकदा भंगाराचा टेम्पो आला. सरांनी अर्ज करून मला मागून घेतलं आणि निवृत्तीनंतर जालन्याच्या घरी आणून पुस्तकांच्या फळीवर ठेवलं. ते माझ्याकडे क्वचितच बघत. प्रेमलाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, धूळ झटकताना म्हणायच्या, "घरात आधीच एक न बोलणारं होतं, आता दोन झाली."

अशी वर्षं गेली. मागच्या उन्हाळ्यात एक दिवस दुपारच्या आधी दारात एक मुलगी उभी राहिली. नाव साक्षी. साहेबरावांची धाकटी. केंद्रातच हंगामी साहाय्यक म्हणून लागली होती आणि जुन्या वह्या संगणकात चढवत होती. वडिलांनी लहानपणापासून मार्तंड सरांचं इतकं सांगितलेलं, की तिने आधी वाकून नमस्कार केला, आणि सर नेहमीप्रमाणे दचकले.

तिने वहीच्या पानाचा फोटो दाखवला. तिने तीच तीस झाडं संगणकात घातली होती, आणि लिटरमध्ये विचारल्यावर संगणकानेही १.९७ सांगितलं होतं. तिची अडचण वेगळीच होती.

"सर, हा खोडलेला आकडा कशाचा आहे? मी लई डोकं लावलं. कुठूनच येईना."

सरांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले की तो मशीनचा दोष, एक दात झिजला होता. असं म्हणताना ते माझ्याकडे पाहत नव्हते.

साक्षी मात्र पाहत होती. ती म्हणाली, "मंग फिरवून बघू ना सर. झिजलेला दात काय आपोआप थोडाच उगवला असेल." स्वयंपाकघरातून प्रेमलाबाई म्हणाल्या, "बघ बाई, तुझं तरी ऐकतात का." त्यांनी शिलाई मशीनच्या तेलाची कुपी आणून दिली. किती वर्षांनी तेलाचा थेंब पोटात उतरला. साक्षीने दांडा धरला, सरांनी आकडे लावले. आधी माझी चाकं कुरकुरली, मग सैल झाली. मला भीती वाटत होती. खरोखरच माझा दात झिजलेला असेल तर?

खिडक्यांत आलं ३.८७.

साक्षीने पिशवीतून संगणक काढला. तिने या वेळी भागाकार न करता, एकशेसाठ पटीचं गृहीतक घालून विचारलं. त्यानेही तेच सांगितलं.  सरांनी वहीच्या पानाचा फोटो पुन्हा मागून घेतला.

माझा दात शाबूत होता. सरांचं लक्षही त्या दिवशी शाबूत होतं.

मग दोघांचा वाद झाला. साक्षीचं म्हणणं, दोन्ही बरोबर कसं असेल, यातलं खरं कोणतं? सर म्हणाले की आपल्याला हवं ते निवडलं तर तो हिशेबच नव्हे. तेव्हा मांडणीवर अवलंबून नाही अशी तिसरी वाट घेऊ. टेकडीची रेघ एकदा मोकळी काढायची, झाडं सांगतील तशी. दुसऱ्यांदा माथा ऐंशीवरच आहे असं बांधून काढायची. आणि बांधलेली रेघ झाडांपासून किती जास्त दूर जाते ते मोजायचं. ऐंशी तुम्ही गुणाकाराने लिहा की भागाकाराने, बांधलेली रेघ एकच असते. साक्षीने ते केलं. उत्तर पंधरा आलं. म्हणजे ३.८७ चा वर्ग. खोडलेला आकडा खरा होता.

मग भागाकाराने दगा का दिला? तेव्हा सरांनी मला समोर ठेवून सांगितलं, ते मला कळलं तसं सांगते. वाक हा आकडा स्वतःच फार डळमळता होता. डळमळत्या आकड्याने भागलं, की उत्तराची डळमळ दोन्ही अंगांना सारखी राहत नाही. इथे ती साठाच्या खाली लांबवर पसरली होती, ऐंशीच्या अंगाला आखूड होती. सूत्र मात्र ती दोन्हीकडे सारखीच धरतं. वाकड्या फांदीला सरळ पट्टी लावून माप घ्यावं, तसं. सूत्र खोटं नाही. ते फांदी सरळ आहे असं समजून बोलतं, एवढंच.

साक्षी आता संगणकाकडे पाहत नव्हती. हळूच म्हणाली, "सर, बाबा आजही ऐंशीच देतात."  प्रेमलाबाईंनी चहाचे कप आणले आणि तसेच हातात धरून उभ्या राहिल्या.

साहेबरावांनी केंद्रातलं काम सोडून हसनाबादजवळ टप्प्याटप्प्याने चारशे मोसंबीची झाडं लावली होती. पाणी देत ते पत्रकावर विश्वासून. त्यांतली चौसष्ट झाडं गेल्या काही वर्षांत डिंक्याने मेली. बुंध्यातून डिंक गळतो, मुळं कुजतात आणि झाड उभ्याउभ्या वाळतं. काळ्या जमिनीत पाणी जास्त झालं की हा रोग बळावतो, हे सरांना माहीत होतं. साहेबरावांनी दोष स्वतःला दिला होता. आपलीच निगराणी कमी पडली म्हणायचे.

साक्षी म्हणाली की ती घरी सांगेल, सरांनी त्रास घेऊ नये. सर "हो" म्हणाले. दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला फळीवरून उतरवलं, जाड पिशवीत घातलं आणि चपला घातल्या. प्रेमलाबाईंनी विचारलं, "मशीन कशाला नेताय?" ते म्हणाले की नुसतं बोलणं जमणार नाही, हिशेब समोर करून दाखवतो. प्रेमलाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि पिशवीत पाण्याची बाटली टाकली.

राजूरपर्यंत एस.टी., पुढे जीप. साडेआठ किलोची मी सरांच्या मांडीवर. त्या दिवशी चतुर्थी होती, गाडीत राजूरच्या गणपतीला निघालेली, नारळ आणि फुलांच्या पिशव्या घेतलेली माणसं. एका बाईने विचारलं, "आजोबा, नवसाचं काय हाय पिशवीत?" सरांनी पिशवी आणखी जवळ ओढली. माझा दांडा त्यांच्या बरगडीत रुतत होता, तरी त्यांनी मला खाली ठेवलं नाही.

साहेबराव बागेच्या तोंडाशीच भेटले. आता त्यांचे केस पांढरे झालेत, पण उभं राहणं तेच, दोन्ही हातांत डबे असल्यासारखं. सर आलेले पाहून त्यांना काय करू नि काय नको झालं. बाज टाकली, वर सतरंजी टाकली, बेबीनंदाबाईंना हाक मारली. बेबीनंदाबाई, म्हणजे साक्षीची आई, कमरेत वाकून चालत आल्या. साक्षी घरीच होती. तिने अजून सांगितलं नव्हतं. तिलाही जमलं नव्हतं.

सरांनी मला बाजेवर ठेवलं. आकडे उतरवून आणलेली वही उघडली. चढ, वाक, एकशेसाठ पट असं सांगत आकडे लावायला लागले. दोनदा चुकीचं घर धरलं. साहेबराव थोडा वेळ मान हलवत ऐकत राहिले. मग त्यांनी पुढे होऊन माझ्या दांड्यावर हात ठेवला.

"सर, मशीन राहू द्या. तुमी बोला."

मित्रांनो, त्या माणसाला तेवढंच येत नव्हतं. पण ते बोलले. म्हणाले की ऐंशी चूक होते, साठ पुरे होते. हे अठ्ठ्याऐंशी सालीच हाती आलं होतं आणि त्यांनी स्वतःच्या हाताने खोडलं. "साहेबराव, तुमची चौसष्ट झाडं माझ्या रेघेखाली गेली."

पहिल्यांदा बेबीनंदाबाई बोलल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "बारा-तेरा सालच्या दुष्काळात ठिबक बंद पडलं तं दोन कोसावरून टाकी आणून तवाची शंभर झाडं जगवली आमी. डब्यानं वतायचो. तीन डबे वतले की आळं सकाळपस्तर ओलं राह्यचं. मी म्हनायचे, बस करा, चौथा नका वतू. हे म्हनायचे, सरांचा आकडा हाय. ही कंबर तवाचीच हाय सर, चौथ्या डब्याची."

साक्षीने तोंड फिरवलं. सर जमिनीकडे बघत होते.

साहेबरावांनी जवळच्या झाडाचं आळं पायाने चाचपलं. मग विचारलं, "सर, मशीन काय म्हनली ते ऱ्हाऊ द्या. तवा तुमच्या मनाला काय वाटलं होतं?"

"मला तेव्हाही साठच वाटत होते," सर म्हणाले. "पण माझा माझ्यावर विश्वास नव्हता."

"माझा होता ना सर, तुमच्यावर."

साहेबराव एवढंच म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर सरांना सोपं गेलं असतं, असं मला वाटलं. पण त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. माफ केलं असंही म्हणाले नाहीत. चहा आला, सगळ्यांनी प्याला. मग साहेबराव उठून ठिबकचं पाणी सोडायच्या चाकाशी गेले आणि साक्षीला विचारलं की साठ लिटरला किती वेळ सोडायचं. तिने हिशेब करून सांगितला. त्यांनी बेबीनंदाबाईंना जवळ बोलावलं आणि म्हणाले, "तूच बंद करीत जाय आता. तुला बराबर कळतं."  चाकाजवळ दगड होता, त्यावर त्या बसून राहिल्या.

पुढचं थोडकं आहे. सरांनी केंद्राला चार पानी पत्र लिहिलं. त्यात दोन्ही मांडण्या, तिसरी वाट आणि स्वतःच्या खोडण्याची कबुली, सगळं होतं. ते पत्र त्यांनी सहा वेळा फाडलं, सातव्यांदा पोस्टात टाकलं. साक्षीने आपला अहवाल जोडला, नोकरी हंगामी असूनही. उत्तर आलं की यंदाची पत्रकं छापून झाली आहेत, पुढच्या बैठकीत विचार करू. भिंतीवर अजून ऐंशीच आहेत. अशा भिंती आणि पत्रकं वाचून किती बागांत जादा पाणी जात असेल, याचा हिशेब माझ्यावर कोणी केला नाही. करू नये असंच मला वाटतं. एकट्या साहेबरावांच्या बागेत, चारशे झाडं होती तेव्हा, रोजचे आठ हजार लिटर होत होते. आपल्या जिल्ह्यात, उन्हाळ्यात.

आणि हेही सांगून ठेवते. साठ हा आकडा त्या तीस झाडांचा आणि त्या जमिनीचा आहे. माझी गोष्ट ऐकून तुमच्या बागेला लावू नका. तुमची झाडं, तुमचं आळं, आधी ते बघा.

आता मी सरांच्या टेबलावर असते. नादुरुस्तची चिठ्ठी साक्षीने काढली, चिठ्ठीच्या डिंकाचा डाग राहिला. तेल वेळेवर मिळतं. सर अजूनही प्रत्येक हिशेब दोनदा करतात, पण आता दुसऱ्यांदा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने मांडून करतात. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर मला दोष देत नाहीत, स्वतःलाही देत नाहीत. साक्षीला फोन करतात.

मित्रांनो, मशीनला तेल घाला, धुळीपासून जपा, हे तर मी सांगणारच. पण त्याहून एक मागणं आहे. कधी तुमच्या हातून न पटणारा आकडा आला, आणि मोठं माणूस म्हणालं की तुझंच चुकलं असेल, तर तुमचं चुकलंही असेल. पुन्हा करा. प्रश्न उलटा मांडून करा. कोणाला तरी दाखवा. ज्याने पाणी वाहिलं त्याला विचारा, आणि त्याच्या घरच्या बाईलाही विचारा. पण त्या आकड्यावर रेघ मारू नका. रेघ मारायला क्षण लागतो, आणि तिच्याखाली काय काय जाईल ते मारणाऱ्याला त्या क्षणी दिसत नाही.